पाणचक्कीत घोडे किती?

छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीच्या औरंगाबादला) शाळेची सहल आली की ती सहसा पाणचक्की पाहिल्यावाचून परत जात नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, खाम नदीच्या काठावर ही चक्की आहे. इ. स. १७४४ च्या सुमारास तुर्कताजखान या सरदाराने ती बांधवून घेतली. हर्सूलच्या बाजूने कित्येक किलोमीटर अंतरावरून, जमिनीखालच्या खापरी नळांतून पाणी येते, उंच भिंतीच्या माथ्यावर चढते आणि तेथून खाली हौदात कोसळते. या पाण्याच्या जोरावर जाते फिरत असे आणि आवारातल्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी व छावणीतल्या शिपायांसाठी धान्य दळले जात असे. हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे, हेही जाता जाता पाहून घ्यावे.

भिंतीवरून पडणारे पाणी पाहून विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा: या चक्कीची शक्ती किती अश्वशक्ती असेल? कोणी म्हणतो पन्नास, कोणी शंभर. पाणी पडताना आवाज मोठा होतो, तुषार उडतात आणि आपण दिपून जातो. पण आवाज म्हणजे शक्ती नव्हे. शक्ती मोजायची असेल तर दोनच गोष्टी लागतात: दर सेकंदाला किती पाणी पडते आणि किती उंचीवरून पडते. बाकीचे सारे अंकगणित आहे, आणि तेही नववीच्या पुस्तकाबाहेरचे नाही.

उंचावरच्या वस्तूची स्थितिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची हे तुम्हांला ठाऊक आहे. एक लिटर पाण्याचे वस्तुमान एक किलोग्रॅम. तेव्हा एक लिटर पाणी एक मीटर खाली आले की ते ९.८ जूल ऊर्जा सोडते. दर सेकंदाला एवढी ऊर्जा मिळत राहिली तर शक्ती झाली ९.८ वॅट. म्हणून

शक्ती (वॅट) = ९.८ × विसर्ग (लिटर प्रति सेकंद) × उंची (मीटर)

विसर्ग म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी. पाटबंधारे खात्याच्या माणसांच्या तोंडी हा शब्द नेहमी असतो. धरणातून इतका विसर्ग सुरू आहे, असे आपण पावसाळ्यात वर्तमानपत्रांत वाचतो तो हाच.

आता चक्कीकडे वळू. चाकावर पाणी किती उंचीवरून येते ते प्रत्यक्ष मोजलेले बरे, पण अंदाजासाठी ६ मीटर धरू. एवढ्या उंचीवरून आलेल्या पाण्याचा वेग २ × ९.८ × ६ या गुणाकाराच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सेकंदाला सुमारे १०.८ मीटर होतो. चाकावर पडणारी धार ५ सेंटिमीटर व्यासाची आहे असे समजा. तिचे क्षेत्रफळ सुमारे ०.००१९६ चौरस मीटर. याला वेगाने गुणले की विसर्ग मिळतो: सेकंदाला सुमारे २१ लिटर. वाटेतले घर्षण आपण येथे सोडून दिले आहे, त्यामुळे हा आकडा थोडा चढाच आहे. मग पाण्यातील शक्ती ९.८ × २१ × ६, म्हणजे सुमारे १२३५ वॅट.

ही झाली पाण्याजवळची शक्ती. जात्याला ती सगळी मिळत नाही. या चक्कीत उभ्या दांड्याच्या खालच्या टोकाला पाती आहेत आणि वरच्या टोकाशी जात्याची वरची तळी. सपाट पात्यावर धार आदळली की पाणी चहूकडे उडते, आणि उडून जाणारे पाणी आपली गतिज ऊर्जा बरोबरच घेऊन जाते. पात्याचा वेग धारेच्या वेगाच्या निम्मा असताना सपाट पात्यांचे चाक जास्तीत जास्त काम करते, आणि तेव्हाही ते अर्धीच ऊर्जा घेऊ शकते असे गणिताने दाखवता येते. प्रत्यक्षात अशा जुन्या आडव्या चाकांची कार्यक्षमता २० ते ३५ टक्के धरतात. आपण ३० टक्के धरू. जात्याला मिळाले सुमारे ३७० वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट.

म्हणजे पाणचक्कीत घोडा अर्धाच निघाला!

आकडा ऐकून मुले खट्टू होतात. त्यांचा विश्वास बसावा म्हणून उलट बाजूने पडताळा पाहू. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीला साडेसात किंवा दहा अश्वशक्तीची मोटर असते आणि तिच्यापुढे डब्यांची रांग भराभर सरकते. घरगुती घरघंटीला एका अश्वशक्तीच्या आसपासची मोटर पुरते. उलट हाताने जाते ओढणारे माणूस बराच वेळ टिकेल अशी शक्ती सुमारे ७५ वॅट देते. तेव्हा ३७० वॅट म्हणजे पाच बायका एकाच वेळी दळायला बसल्या आहेत. फरक इतकाच की या पाच जणी रात्री झोपत नाहीत, दुपारी विश्रांती घेत नाहीत, आणि त्यांना भाकरी लागत नाही. अठराव्या शतकात ही गोष्ट लहान नव्हती. आणखी एक गंमत पाहा. चाकाची त्रिज्या अर्धा मीटर धरली आणि पात्याचा वेग धारेच्या निम्मा, म्हणजे ५.४ मीटर धरला, तर चाकाचे मिनिटाला सुमारे १०० फेरे होतात. दगडी जात्याला साधारण असाच वेग मानवतो. म्हणून मध्ये दाते असलेली चक्रे घालण्याची गरजच पडत नाही. कारागिराने सूत्र लिहिले नसेल, पण त्याचे माप चुकलेले नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. वक्रनलिकेच्या, म्हणजे सायफनच्या युक्तीने पाणी उंच चढवले आणि त्यातून शक्ती निर्माण केली, असे सर्रास सांगितले जाते. नळातून येणारे पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत चढते हे खरे. पण ते चढते कारण त्याचा उगम त्याहूनही उंचावर आहे. बंद नळ मधे कितीही खाली उतरला तरी पाणी पुन्हा आपल्या पातळीकडे धाव घेते. खापरी नळांतल्या घर्षणात काही उंची वाया जाते, आणि उरलेली भिंतीवर दिसते. भिंत शक्ती निर्माण करीत नाही. ती उरलेली उंची चाकापर्यंत जपून आणते, एवढेच. चाकावरून गेलेले पाणीही नाहीसे होत नाही. ते पुढे हौदात जाते, नदीला मिळते. जलशक्तीत पाणी खर्च होत नाही, उंची खर्च होते.

एक युनिट म्हणजे केवढे पाणी?

विजेच्या बिलातले एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात ३६ लाख जूल. हजार लिटर पाण्यापासून एवढी ऊर्जा मिळवायची तर ते किती उंचीवरून सोडावे लागेल? ३६ लाखांना ९८०० ने भागा. उत्तर येते ३६७ मीटर. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा असा आहे. देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून सुमारे २०० मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावरून हजार लिटर पाणी नळाने खाली आणले आणि एक थेंबही ऊर्जा वाया जाऊ दिली नाही, तरी हाती लागेल ते सुमारे अर्धे युनिट.

विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेले की दर वर्षी एक प्रतिकृती हमखास भेटते. गच्चीवरची टाकी, तिच्यातून खाली येणारा नळ, नळात बसवलेले छोटे टर्बाइन आणि पेटलेला दिवा. पाटी असते: ‘घरोघरी फुकट वीज’. दिवा खरोखर पेटतो, त्यामुळे पाहणारे खूश होतात. आता हिशेब करू. टाकी १००० लिटरची, उंची १० मीटर. ऊर्जा ९८,००० जूल, म्हणजे ०.०२७ युनिट. छोट्या यंत्राची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर उरली १३.६ वॅट-तास. नऊ वॅटचा एक एलईडी दिवा दीड तास जळेल. तेही दिवसभराचे सगळे पाणी एकदम सोडले तर. शिवाय टर्बाइनने ऊर्जा घेतली की नळाला धार बारीक येणार, आणि मुळात ते पाणी पंपाने वर चढवताना याच्या चौपट वीज खर्च झालेली असणार. प्रतिकृती करणाऱ्या मुलांचे हात कुशल असतात, त्यांना कमी लेखू नये. पण ‘फुकट’ हा शब्द पाटीवर लिहिण्यापूर्वी हा पाच ओळींचा हिशेब त्यांच्याकडून करून घेणे हे शिक्षकाचे काम आहे. प्रतिकृतीला गुण देताना मी तरी आधी तो हिशेब मागतो.

आपल्या शहराच्या बाबतीत तर हे समीकरण उलटेच चालते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटरवर आहे. पिण्याचे पाणी येते पैठणच्या नाथसागरातून, आणि तो काठोकाठ भरला तरी त्याची पातळी सुमारे ४६४ मीटर. म्हणजे प्रत्येक थेंब निदान १०४ मीटर वर उचलायचा. हजार लिटरला किमान ०.२८ युनिट. पंप आणि मोटर मिळून ७० टक्के कार्यक्षमता धरली तर ०.४ युनिट, आणि लांबलचक नळांतले घर्षण त्याहून वेगळे. नळ उघडा टाकून दात घासणारा माणूस पाण्याबरोबर वीजही सांडत असतो.

ओढ्यावर मोजमाप

समजा तुमच्या गावाजवळ ओढा आहे, त्यावर छोटासा धबधबा आहे, आणि येथे वीज करता येईल का अशी चर्चा गावात सुरू आहे. यंत्र विकणारा येईल आणि मोठा आकडा सांगेल. त्याच्याआधी तुमच्या वर्गाने मोजणी केलेली असली तर गावाचे पैसे वाचतील किंवा योग्य जागी लागतील. यासाठी लागणारे सामान शाळेत किंवा घरी सापडते.

पाणी थोडे असेल, एखाद्या पन्हळीतून धार पडत असेल, तर बादली आणि घड्याळ पुरे. १५ लिटरची बादली ६ सेकंदांत भरली तर विसर्ग अडीच लिटर. हे तीनदा करावे आणि सरासरी घ्यावी. धार मोठी असेल तर बादलीऐवजी दोनशे लिटरचे पिंप घ्यावे.

पाणी जास्त असेल तर तरंगती वस्तू सोडून वेग मोजायचा. ओढ्याचा सरळ, एकसारखा असा दहा मीटरचा भाग निवडा. आमच्या भागात यासाठी मोसंबीसारखी वस्तू नाही. ती जवळजवळ पूर्ण बुडून तरंगते, त्यामुळे वारा तिला ढकलत नाही, आणि रंगामुळे लांबून दिसते. (मोजणी संपल्यावर तिचे काय करायचे ते सांगायला नको.) समजा मोसंबीने दहा मीटर २० सेकंदांत तोडले. वेग अर्धा मीटर. पण हा पृष्ठभागाचा वेग झाला. तळाशी आणि काठाशी पाणी हळू चालते. खडकाळ, उथळ ओढ्यात सरासरी वेग याच्या ०.६ ते ०.७ पट धरावा, सिमेंटच्या गुळगुळीत पाटात ०.८५ पट. येथे ०.७ ने गुणून ०.३५ मीटर. पात्राची रुंदी १.२ मीटर, आणि काठीने पाच-सहा ठिकाणी मोजलेल्या खोलीची सरासरी ०.२५ मीटर असेल तर छेद ०.३ चौरस मीटर. विसर्ग ०.३ × ०.३५ = ०.१०५ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १०५ लिटर.

याहून चांगली रीत म्हणजे खाचेचा बांध. पत्र्याला किंवा फळीला वरून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी, ९० अंशांची, धारदार कडेची खाच पाडायची आणि ती ओढ्यात आडवी बसवून बाजू व तळ चिकणमातीने लिंपायचे. सगळे पाणी खाचेतूनच गेले पाहिजे आणि पलीकडे मोकळे पडले पाहिजे. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजली की

विसर्ग (लिटर प्रति सेकंद) = ०.०१३८ × उंचीचा अडीचवा घात

अडीचवा घात म्हणजे उंचीचा वर्ग गुणिले उंचीचे वर्गमूळ. ५ सेंटिमीटरला ०.७७ लिटर, १० ला ४.४, १५ ला १२, २० ला जवळजवळ २५ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून अधिक होते, म्हणून मोजपट्टी नीट वाचायला हवी. दहाच्या जागी अकरा वाचले तर विसर्गात सव्वापट फरक पडतो. मोजपट्टी खाचेत धरू नये. तेथे पाण्याचा पृष्ठभाग खाली वाकलेला असतो. खाचेच्या मागे, पाण्याच्या उंचीच्या चौपट तरी अंतरावर ती रोवावी.

उंची मोजायला गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी मागून आणा. नळीच्या दोन्ही टोकांतले पाणी एकाच पातळीत राहते, हे तत्त्व. वरचे टोक पाण्याच्या पातळीशी धरायचे, खाली उभ्या असलेल्याने काठीवर तीच पातळी खुणेने दाखवायची, काठीवरची उंची लिहायची. मग काठीच्या पायथ्यापासून पुन्हा तेच. असे टप्प्याटप्प्याने यंत्राच्या जागेपर्यंत उतरावे. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळी मोजणी फुकट जाते, तेव्हा सुरुवातीलाच नळी उचलून नीट पाहावी.

मोजलेली सगळी उंची यंत्राला मिळत नाही. नळातले घर्षण आपला वाटा घेते, आणि बारीक नळ घेतला तर फार मोठा घेते. सेकंदाला १० लिटर पाणी १० सेंटिमीटर व्यासाच्या नळातून नेले तर दर १०० मीटर लांबीला सुमारे १.६ मीटर उंची वाया जाते. तेच पाणी साडेसात सेंटिमीटरच्या नळातून नेले तर ७ मीटर! एकूण उंची १२ मीटर असताना पैसे वाचवायला बारीक नळ घेणारा माणूस निम्म्याहून अधिक शक्ती नळातच घालवतो. यंत्र महाग आणि नळ स्वस्त, असा खरेदीचा विचार म्हणून येथे उपयोगी पडत नाही.

नळ, टर्बाइन, जनित्र आणि तारा या सगळ्यांतून जाऊन लहान संचात निम्मी शक्ती हाती लागते असे धरले तर चालते. मग ९.८ च्या निम्मे घ्यायचे, आणि तोंडी हिशेबाला सोपे सूत्र मिळते: पाच गुणिले लिटर गुणिले मीटर, उत्तर वॅटमध्ये. मोठ्या केंद्रांत ८५ टक्के आणि अधिकही कार्यक्षमता मिळते. अमेरिकेत लेस्टर पेल्टन याने १८८० मध्ये दुहेरी वाटीच्या आकाराच्या पात्यांचे एकस्व घेतले. त्याच्या चाकात धार वाटीत शिरून जवळजवळ उलट फिरते आणि बाहेर पडताना तिच्यात वेग फारसा उरत नाही. पाणचक्कीच्या सपाट पात्यात जे उडून जात होते ते येथे पकडले गेले.

ऑगस्टचा ओढा आणि मार्चचा ओढा

मराठवाड्यात खरी अडचण सूत्रात नाही, दिनदर्शिकेत आहे. पावसाळ्यात वेरूळच्या लेण्यांवरून पाणी कोसळते, अजिंठ्याला वाघूर नदीची सात कुंडे भरून वाहतात, आणि ते दृश्य पाहून कोणालाही टर्बाइन सुचावे. त्याच माणसाने मार्चमध्ये तेथे जाऊन उभे राहावे. एका कल्पित ओढ्याचे आकडे घेऊ: उंची ८ मीटर, ऑगस्टमध्ये विसर्ग १०० लिटर, ऑक्टोबरात ३०, डिसेंबरात ८, फेब्रुवारीत १, एप्रिलमध्ये कोरडा. आपल्या सोप्या सूत्राने शक्ती अनुक्रमे ४००० वॅट, १२०० वॅट, ३२० वॅट, ४० वॅट आणि शून्य. चार किलोवॅटचे यंत्र घेतले तर ते वर्षातले थोडेच आठवडे पूर्ण भाराने चालेल आणि पुढे ओट्यावर गंजत पडेल. म्हणून एका मोजणीवर विसंबू नये. खाचेचा बांध वर्षभर ठेवून दर आठवड्याला नोंद करावी. अंदाजपत्रकाचा पाया ही नोंदवही असते, ऑगस्टचे छायाचित्र नव्हे.

बांध घालून पाणी साठवले तर? त्याचाही अंदाज घरबसल्या घेता येतो. शहराच्या परिसरात वर्षाला सुमारे ७० सेंटिमीटर पाऊस पडतो. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र ५ चौरस किलोमीटर आहे आणि पावसाचा पाचवा भाग ओढ्याला येतो असे धरू. वर्षाचे पाणी झाले ७ लाख घनमीटर. त्यातला थेंबन् थेंब साठवून १० मीटर उंचीवरून सोडला तर मूळ ऊर्जा सुमारे १९,००० युनिट. निम्मी हाती लागली तर ९,५००. महिन्याला १०० युनिट वापरणारी आठ घरे! आणि एवढ्यासाठी ७ लाख घनमीटर साठवणारा बांध. तेवढीच वीज सुमारे साडेसहा किलोवॅटचे सौर पॅनेल शाळेच्या छपरावरून देतील, कारण येथे एक किलोवॅट पॅनेलमागे दिवसाला सुमारे चार युनिट मिळतात. अर्थात बांध शेतीसाठी आणि पिण्यासाठी बांधायचाच असेल तर गोष्ट वेगळी. मग सोडले जाणारे पाणी वाटेत टर्बाइनमधून नेणे शहाणपणाचे ठरते.

पैठणला नेमके हेच केले आहे. जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचा संच आहे, आणि तो उलट फिरवून पंप म्हणून वापरता यावा अशी त्याची रचना आहे. आपल्या देशात २५ मेगावॅटपर्यंतचे केंद्र ‘लघु जलविद्युत’ गणले जाते, तेव्हा हाही लघुच. हिशेबासाठी पाण्याची उंची २५ मीटर आणि कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर पूर्ण भाराला सेकंदाला सुमारे ५८ घनमीटर पाणी लागते. एका युनिटमागे सतरा हजार लिटर! आता खोपोलीकडे पाहा. तेथे टाटांचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून सुमारे ५०० मीटर खाली येते. तेथे एका युनिटला हजार लिटरही लागत नाहीत. गोदावरी मोठी असून वीज थोडी, आणि घाटातली लहान नदी वीज फार देते, याचे कारण एवढेच.

नाथसागराचा उपयुक्त साठा सुमारे २१७ कोटी घनमीटर आहे. तो सगळा २५ मीटरवरून सोडला असे मानले (साठा उतरेल तशी उंचीही उतरते, म्हणून हा अंदाज उदारच आहे) तर साडेबारा कोटी युनिट मिळतात. कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे. ती सगळी यंत्रे पूर्ण भाराने चालली तर एवढी वीज तीन दिवसही पुरत नाही. तेव्हा जायकवाडीतून पाणी केव्हा सोडायचे हे पिकाच्या पाळीवर ठरावे, विजेच्या मागणीवर नव्हे, हे आकडेच सांगतात.

लहान केंद्रे कुचकामी असतात असा याचा अर्थ नाही. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १८९७ साली सुरू झालेले केंद्र अवघे १३० किलोवॅटचे होते आणि त्याने त्या गावात दिवे लावले. पण तेथे उतार होता आणि डोंगरातले झरे होते. जागा आधी, यंत्र नंतर.

सोडवून पाहा

१. सिमेंटच्या पाटाची रुंदी २ मीटर, पाण्याची खोली ०.४ मीटर. मोसंबीने १० मीटर अंतर १२.५ सेकंदांत कापले. पुढे पाट १.५ मीटर खाली उतरतो. तेथे सोप्या सूत्राने शक्ती किती? पाट वर्षातून १०० दिवस अहोरात्र वाहत असेल तर वर्षाला युनिट किती?

२. एका झऱ्यावर ९० अंशांच्या खाचेत पाण्याची उंची ८ सेंटिमीटर आहे. पडण्याची उंची ३० मीटर. शक्ती किती? मोजपट्टी वाचताना एक सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तर उत्तर कोणत्या दोन आकड्यांच्या दरम्यान येईल?

उत्तरे: (१) विसर्ग ५४४ लिटर, शक्ती सुमारे ४०८० वॅट, वर्षाला सुमारे ९,८०० युनिट. (२) विसर्ग २.५ लिटर, शक्ती सुमारे ३७५ वॅट. सुमारे २७० ते ५०० वॅट.